श्रमाचें फळ कोणाच्या हातीं?

गरीब मनुष्य गरीब कां राहतो, असा प्रश्न निघाला म्हणजे पुष्कळांचें उत्तर तयार असतें: तो आळशी आहे म्हणून. चावडीवर, आठवड्याच्या बाजारांत, एसटीच्या थांब्यावर, आणि सांगण्यास खेद वाटतो, आमच्या मंडळ्यांच्या पंचांच्या बैठकींतहि हें उत्तर ऐकूं येतें. ज्याच्याजवळ चार एकर आहेत तो, ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्याच्याविषयीं असें बोलतो. आणि नवल हें कीं, ज्याच्याजवळ कांहीं नाहीं तोहि आपल्या शेजाऱ्याविषयीं असेंच बोलतो. या उत्तरांत सत्याचा अंश मुळींच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. आळस हा दुर्गुण आहे, व तो श्रीमंतांत आणि गरिबांत सारखाच आढळतो. परंतु एका मुलुखांतील लाखों माणसें पिढ्यान्‌पिढ्या गरीब राहिलीं, तर तीं सर्व आळशीच जन्मलीं असें मानणें बुद्धीला पटत नाहीं. म्हणून या प्रश्नाचा आज थोडा खोल विचार करूं.

आमचा धाराशीव जिल्हा या विचारास चांगलें उदाहरण आहे. केंद्र सरकारनें 2018 सालीं देशांतील मागें पडलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली, तींत महाराष्ट्रांतील गडचिरोली, नंदुरबार व वाशीम यांच्याबरोबर आमच्या जिल्ह्याचें नांव होतें. त्या वेळीं त्याला सरकारी कागदांत उस्मानाबाद म्हणत. 2023 पासून धाराशीव म्हणतात. आतां याच जिल्ह्यांतील भूम, वाशी, परांडा, कळंब या तालुक्यांच्या खेड्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों जोडपीं ऊसतोडीला निघतात. तीं पहांटेच्या अंधारांत फडांत उतरतात, ऊस तोडतात, मोळ्या बांधून डोक्यावर वाहतात, गाडी भरतात, आणि उन्हाळा लागेपर्यंत पाचटाच्या कोपींत राहतात. इतके कष्ट करणाऱ्यांस आळशी कोण म्हणेल? तेव्हां श्रम आहेत, पण संपत्ति नाहीं. श्रम आणि संपत्ति या दोहोंच्या मध्यें जी व्यवस्था उभी असते, तिच्याकडे आपण क्वचितच पाहतों. श्रमाचें फळ श्रम करणाऱ्याच्या हातीं पडतें, कीं वाटेंतच दुसरा कोणी तें उचलतो, यावर मनुष्याचा उत्साह व त्याची भरभराट हीं अवलंबून असतात.

प्रथम आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळाकडे पाहूं. हा जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याची सुमारें दोन पंचमांश जमीन जहागीरदारांकडे व खुद्द निजामाच्या खासगीकडे होती. अंमलदार किंवा जहागीरदाराचा माणूस गांवांत आला कीं त्याचें ओझें वाहणें, घोड्याला चारा आणणें, सरपण फोडणें, हीं कामें वेठीनें करून घेत. त्यांस मजुरी नसे. आतां विचार करा, वेठीचें काम मन लावून कोण करील? भारा अर्धाच भरावा, पाऊल हळू टाकावें, शिपाई दिसला कीं पिकांत दडावें, हेंच तेथें शहाणपण ठरतें. शिवाय ज्या श्रमाला मोल नाहीं त्याला मापहि राहत नाहीं. जेथें दोन माणसें पुरतात तेथें दहा बोलावलीं जातात, कारण दहांना बोलावण्यांत धन्याच्या पदरचें कांहींच जात नाहीं. अशा रीतीनें वेठ राबणाऱ्याला अंग चोरण्यास शिकविते, आणि राबविणाऱ्याला दुसऱ्याचा दिवस वायां घालविण्यास शिकविते. आणि मग तोच धनी म्हणतो, हे लोक मूळचेच कामचुकार!

स्कॉटलंडांतील अॅडम स्मिथ या विद्वानानें 1776 सालीं छापलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत गुलामगिरीविषयीं हाच विचार मांडला आहे. गुलामाला केवळ पोटाला घालावें लागतें, म्हणून त्याचें काम स्वस्त भासतें. परंतु खरोखर तें सर्वांत महाग पडतें. कारण ज्याला स्वतःसाठीं कांहीं मिळवितांच येत नाहीं, त्याला अधिक काम करण्याचें प्रयोजनच उरत नाहीं.

वेठीच्या जोडीला वतन होतें. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबें ज्या समाजांतून आलीं, त्या महार व मांग समाजांचीं घरें या वतनानें गांवाशीं बांधलेलीं होतीं. रात्रीं-बेरात्रीं निरोप नेणें, वाट दाखविणें, राखण करणें, मेलेलें जनावर ओढणें, अशीं नाना कामें त्यांच्याकडे असत. त्यांच्या मोबदल्यांत इनामी जमिनीचा एक तुकडा मिळे. तो पिढ्यांगणिक वांटला जाऊन शेवटीं एका घराला पुरेसा राहत नसे. बाकी खळ्यावर बलुतें मिळे. तें बलुतें कामाच्या मानानें ठरत नसे. तें रिवाजानें व देणाऱ्याच्या मर्जीनें ठरे. अधिक काम केलें म्हणून सुपभर धान्य अधिक मिळेल असें नव्हतें, आणि काम सोडून दुसरा धंदा शिकावा म्हटलें तर वतन सोडावें लागे. ज्याच्या नशिबीं असें काम आलें त्यानें पुढें जाण्याची उमेद कोठून आणावी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हें मर्म ओळखलें होतें. 1874 च्या वतन कायद्यांत सुधारणा करावी म्हणून त्यांनीं 1928 सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत बिल आणलें. पुढें आमच्याच जिल्ह्यांत, कसबे तडवळे येथें, 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजीं महार-मांग वतनदारांची परिषद भरली, तिलाहि ते आले होते. एका खेड्यांत वतनदारांनीं एकत्र जमून आपल्या कामाचा व मोबदल्याचा हिशेब मागावा, ही लहान गोष्ट नव्हती. ज्यांस इतर लोक आळशी म्हणत होते, तेच लोक म्हणत होते कीं आम्हांला काम नको असें नाहीं, आम्हांला कामाचें मोल पाहिजे.

आतां कोणी म्हणेल, वेठ गेली, वतनें गेलीं, जुन्या गोष्टी कां उकरतां? परंतु तोच प्रश्न आज निराळ्या वेषांत आपल्या बांधावर उभा आहे. बटईचें उदाहरण घ्या. समजा, एका माणसानें अर्ध्या वाट्यानें शेत करून त्यांत ज्वारी पेरली. आणखी एक कोळपणी व खुरपणी दिली तर पीक 40 पायल्यांनीं वाढणार आहे. त्या कामाचा खर्च, बैलांचे व माणसांचे कष्ट धरून, 30 पायल्यांच्या किंमतीचा आहे. म्हणजे शेताच्या दृष्टीनें 10 पायल्या नफा. परंतु वाढलेल्या 40 पायल्यांतून 20 मालकाच्या घरीं जाणार. करणाऱ्याच्या पदरीं 20 पडणार आणि खर्च मात्र 30 त्याचाच. त्याला 10 पायल्या तोटा! म्हणून तो खुरपणी देत नाहीं. मालक बांधावर उभा राहून म्हणतो, तण केवढें माजलें आहे, आळशी आहे लेकाचा. पण त्या गरिबाचा हिशेब चुकलेला नाहीं. वाट्याचा करारच असा आहे कीं त्यांत जास्त कष्ट करणारा बुडतो. तोच मनुष्य आपल्या स्वतःच्या दोन एकरांत सूर्य उगवण्यापूर्वीं खुरपें घेऊन बसलेला दिसेल. आणि पुढच्या पाडव्याला शेत आपल्याकडे राहील कीं नाहीं हें ठाऊक नसतां बांध घालणें, शेणखत टाकणें, विहीर खणणें या गोष्टी तर दूरच राहिल्या.

बटईच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे पाऊस भरंवशाचा नाहीं. ठराविक रोख खंड कबूल केला आणि पाऊस गेला, तर करणारा कर्जांत बुडतो. बटईंत नुकसान दोघांत वांटलें जातें. यामुळेंच गरीब लोकांनीं ही रीत टिकवून धरली आहे. तेव्हां बटई ही दुष्टांनीं काढलेली युक्ति आहे असें नाहीं. दोष एवढाच कीं, पीक निम्मेंनिम आणि खर्च एकट्याचा. मालकानें त्या कोळपणी-खुरपणीचा अर्धा खर्च उचलला, तर करणाऱ्याला 15 पायल्या खर्च व 20 पायल्या प्राप्ति. तो आनंदानें खुरपणी देईल, आणि मालकालाहि आपला खर्च जाऊन 5 पायल्या अधिक मिळतील. मनुष्य तोच, शेत तेंच. बदलला तो करार.

हा विचार केवळ कागदावरचा नाहीं. हैदराबाद राज्यांतील जहागिरी 1949 सालीं रद्द झाल्या, आणि 1950 च्या कुळकायद्यानें संरक्षित कुळांस जमिनीवर टिकून राहण्याचा व ती विकत घेण्याचा हक्क दिला. परंतु कायदा होण्यापूर्वीं व झाल्यावरहि पुष्कळ मालकांनीं कुळें काढून लावलीं, व पुष्कळांकडून राजीखुशीनें जमीन सोडल्याचे कागद लिहून घेतले. अली महंमद खुस्रो यांनीं या राज्यांतील जमीन सुधारणांची पाहणी करून 1958 सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत ही हकीकत आली आहे. कायद्याचें फळ ज्याला वाचतां येत होतें व ज्याला तालुक्याला जाण्याचें धैर्य होतें, त्याच्या हातीं अधिक पडलें. पश्चिम बंगालांत 1978 पासून बटईदारांचीं नांवें सरकारी दप्तरांत नोंदून त्यांस काढून टाकण्यास बंदी केली गेली व त्यांचा वांटा ठरवून दिला गेला. त्या मोहिमेचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनीं 2002 सालीं असें दाखविलें कीं, त्यामुळें शेताचें उत्पन्न वाढलें.

येथें जमीनदार दोषी ठरला, म्हणून जमीन सरकारच्या हातीं दिली कीं सर्व ठीक होईल, असें मात्र समजूं नये. चीन देशांत तसा प्रयोग झाला. तेथें शेतें सामाइक केलीं गेलीं, कष्टाचे गुण मांडले जात, आणि पीक सर्वांचें म्हणून गोळा होई. जो जीव तोडून राबला त्याच्या आणि जो झाडाखालीं बसला त्याच्या ताटांत फारसा फरक पडेना. तेव्हां 1978 च्या हिवाळ्यांत शियाओगांग नांवाच्या एका उपाशी खेड्यांतील 18 शेतकऱ्यांनीं गुप्तपणें करार केला कीं, जमीन घरोघर वांटून घ्यावी, सरकारचा वांटा भरावा, आणि उरेल तें ज्याचें त्यानें ठेवावें. हें उघडकीस आलें तर तुरुंग, हें त्यांना ठाऊक होतें. त्यांचें पीक इतकें वाढलें कीं पुढें सरकारनेंच ती पद्धति देशभर स्वीकारली. तेव्हां धनी जमीनदार असो वा सरकार असो, राबणाऱ्याला आपल्या कष्टाचें फळ डोळ्यांपुढें दिसत नसेल तर त्याचा हात मंदावतो.

वाचक येथें एक शंका काढतील, आणि ती योग्य आहे. ऊसतोड कामगाराला तर टनावर पैसे मिळतात. जितका ऊस तोडील तितकी मजुरी. मग तो कां वर येत नाहीं? याचें उत्तर उचल या एका शब्दांत आहे. मुकादम हंगामापूर्वीं जोडप्याला रक्कम देतो. ती रक्कम मागच्या कर्जांत, लग्नांत, दवाखान्यांत किंवा पावसाळ्यांतील धान्यांत आधींच संपलेली असते. मग पांच-सहा महिने जो ऊस तोडावयाचा तो खाल्लेल्या भाकरीसाठीं तोडावयाचा. हंगाम संपला तरी उचल फिटली नाहीं, तर बाकी पुढच्या वर्षावर चढते, आणि पुढच्या वर्षीं कोणत्या मुकादमाकडे जावें हें ठरविण्याची मोकळीक जाते. एखादा दिवस खाडा झाला तर दंड बसतो. 2019 सालीं शेजारच्या बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली व सरकारला चौकशी समिति नेमावी लागली. त्या वेळीं लोकांस कळलें कीं, खाड्याच्या भीतीनें माणसें आपल्या शरीरालाहि मुकतात.

यावरून आमच्या विचारास एक जोड द्यावी लागते. मनुष्य दोन कारणांनीं कष्ट करतो: आशेनें आणि भीतीनें. भीतीनेंहि ऊस तुटतो, कदाचित्‌ अधिक वेगानें तुटतो. पण भीतीनें केलेल्या कष्टांतून घर उभें राहत नाहीं, कारण त्या कष्टाचें फळ मागचें भगदाड बुजविण्यांत जातें. पुढच्या पेरणीसाठीं बीं उरत नाहीं. म्हणून श्रमाला मोल असावें एवढें पुरत नाहीं. तें मोल वेळेवर मिळावें, आणि काम सोडून जाण्यास मनुष्य मोकळा असावा, याहि दोन गोष्टी लागतात. प्रवरानगरला 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. त्याला साखरेच्या पैशांत वांटा मिळाला, व त्या वांट्याच्या आशेनें त्यानें काय काय उभें केलें हें महाराष्ट्र जाणतो. परंतु ऊस तोडणारा मात्र सभासद झाला नाहीं. तो सहकाराच्या दारांत राबूनहि दाराबाहेर राहिला. एकाच साखरेंतून एकाचा वाडा झाला आणि दुसऱ्याची कोपी कोपीच राहिली. दोघांच्या कष्टांत एवढें अंतर होतें असें कोणी म्हणूं शकत नाहीं.

गरीब मनुष्य काम मिळालें तरी करीत नाहीं, असें ज्यांना वाटतें त्यांनीं 1972-73 चा दुष्काळ आठवावा, किंवा घरांतील वडील माणसांना विचारावा. त्या वेळीं खडी फोडण्यासाठीं, पाझर तलावांची माती काढण्यासाठीं, 1973 च्या उन्हाळ्यांत राज्यभर सुमारें 50 लाख माणसें कामावर होतीं. भिक्षा घेण्यापेक्षां घण उचलणें त्यांनीं पत्करलें. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं ज्या योजनेचा पाठपुरावा केला, ती रोजगार हमी या काळांत वाढली. 1977 सालीं तिचा कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलांत आला. शहरांतील नोकरदारांच्या व्यवसायकराचा पैसा त्या कामीं लागे, आणि मजुरी खोदलेल्या मातीच्या मापानें मिळे. जेथें माप खरें होतें व मजुरी वेळेवर होती तेथें लोक उत्साहानें राबले. जेथें हजेरीपटावर खोटीं नांवें चढलीं आणि मजुरी महिनोन्‌महिने अडकली, तेथें तेच लोक कामाकडे पाठ फिरवून उचल घेण्यास मुकादमाच्या दारीं गेले. देशाच्या 2005 च्या कायद्यानें मजुरी पंधरा दिवसांच्या आंत द्यावी असें लिहिलें होतें. पंधरा दिवस हा आंकडा कचेरींत किरकोळ वाटतो. ज्याच्या घरीं आठ दिवसांचेंच पीठ आहे त्याला तो किरकोळ नसतो.

आमच्या या विचाराचा दुरुपयोग होऊं शकतो, हेंहि आम्ही जाणतों. कोणी म्हणेल, व्यवस्थाच वाईट, मग मी कशाला हातपाय हलवूं? असें म्हणणाऱ्यानें पारावर दिवस घालवावा म्हणून हा लेख लिहिलेला नाहीं. तसेंच मनुष्य केवळ लाभासाठींच राबतो असेंहि नाहीं. आई लेंकरासाठीं रात्रभर जागते, तेव्हां ती मजुरीचा हिशेब करीत नाहीं. गांवोगांवीं पायीं फिरणारा उपदेशक तो करीत नाहीं. पण प्रीतीचे श्रम प्रीतीनेंच मागावे लागतात. जो धनी मजुराला अर्धी मजुरी देऊन वर निष्ठेची अपेक्षा करतो, तो प्रीतीच्या नांवावर वेठ मागतो.

थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रांत काम न करणाऱ्याविषयीं जी कडक आज्ञा आहे, ती पुष्कळांस तोंडपाठ असते. पण ती ज्याला काम करण्याची इच्छाच नाहीं त्याच्याविषयीं आहे. ज्याला काम मिळत नाहीं, किंवा ज्याच्या कामाचें फळ दुसरा नेतो, त्याच्याविषयीं नाहीं. याकोबाच्या पत्रांत शेतकाम करणाऱ्यांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धन्यांस जो इशारा आहे, तो मात्र फार थोडे लोक पाठ करतात.

मोठ्या व्यवस्था बदलणें आपल्या एकट्याच्या हातीं नाहीं. परंतु प्रत्येक घर, प्रत्येक बांध ही एक लहान व्यवस्थाच आहे, आणि तिचे धनी आपण आहों. ज्यांच्याकडे सालगडी आहे त्यांनीं पाडव्याला ठरलेला करार कागदावर लिहावा, तो त्याला वाचून दाखवावा, आणि आजाराच्या दिवसांचे पैसे कापूं नयेत. ज्यांनीं शेत बटईनें दिलें आहे त्यांनीं पिकाच्या वाट्याइतकाच खर्चाचा वांटा उचलावा, आणि चांगलें करणाऱ्यास पांच वर्षांची खात्री द्यावी. स्त्रीची मजुरी तिच्याच हातांत द्यावी. कोयता दोघांचा असतो, पण उचलीचा अंगठा एकट्या नवऱ्याचा उठतो, ही रीत आपल्या मंडळ्यांनीं तरी मोडावी. आमच्या उपदेशकांस विनंति कीं, दसऱ्यापूर्वीं ज्या घरीं मुकादम येतो त्या घरीं त्यांनींहि जावें, उचलीचा हिशेब वाचून सांगावा, कामाची मागणी लेखी करून तिची तारखेची पावती घ्यावयास शिकवावें, आणि दहा घरांनीं मिळून थोडें थोडें साठविण्याची सवय लावावी. म्हणजे पावसाळ्यांतील एका पोत्यासाठीं पुढचा सबंध हंगाम विकावा लागणार नाहीं.

आणि एवढें सर्व ज्याच्यानें होत नाहीं त्यानेंहि एक गोष्ट करावी. पुन्हां कोणाला आळशी म्हणण्यापूर्वीं विचारावें: याच्या कामाचें मोल कोणी ठरविलें? तें याला केव्हां मिळालें? तें याच्या हातीं किती उरलें? आणि हें काम सोडून जाण्यास हा मोकळा आहे काय? या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावरहि तो आळशीच ठरला, तर त्याला खुशाल उपदेश करावा. आमचा अनुभव असा आहे कीं, दहांपैकीं नऊ वेळां उपदेश दुसऱ्याच कोणाला करावा लागतो.